मेलेली माणसं इंग्रजीत बोलत नाहीत

ज्या बाईंनी मला जर्मन शिकवलं त्या जर्मन नव्हत्या आणि जिथे शिकवलं तो वर्ग नव्हता. बाई ऑस्ट्रेलियाच्या होत्या आणि जागा कब्रस्तानाची होती.

नवऱ्याला डार्मश्टाटच्या एका संस्थेत संशोधनाचं काम मिळालं आणि त्याच्यामागून मी आले. वर्ध्याला मी फिजिओथेरपिस्ट होते. लोक आपणहून माझ्या हातात गुडघे आणून देत. इथे मात्र जर्मनची परीक्षा पास झाल्याशिवाय कुणी साधा अंगठाही दाखवायला तयार नव्हतं. म्हणून मोठ्यांसाठीच्या एका भाषाशाळेत नाव घातलं.

पहिल्या दिवशी बाई आल्या. साठी ओलांडलेल्या, उंच, उन्हाने रापलेल्या. पायात चिखलाचे बूट, डोक्यावर रुंद काठाची टोपी. बाहेर नोव्हेंबरचं धुकं होतं आणि सूर्य कुणी आठवडाभर पाहिला नव्हता. त्यांनी खोलीतला गरम रेडिएटर पाहिला, भिंतीवरचा 'मी सफरचंद खातो'वाला तक्ता पाहिला आणि काढलेली टोपी परत डोक्यावर ठेवली.

"कोट घाला," त्या म्हणाल्या. "चला."

आम्हाला वाटलं, बाजारात नेतायत. नेलं जुन्या कब्रस्तानात. आमच्यात ब्राझीलचा एक स्वयंपाकी होता, त्याने फाटकातच छातीवर क्रूस काढला. बाईंनी विचारलं, "रस्त्यात तुम्ही जर्मन बोलायला तोंड उघडलं, की समोरचा काय करतो?"

"इंग्रजीत बोलायला लागतो," स्वयंपाकी म्हणाला.

"गेनाऊ! अगदी बरोबर! बेकरीत, बसमध्ये, दवाखान्यात, सगळीकडे तेच. मेलेली माणसं तसं करत नाहीत. इथे कुणाला घाई नाही, कुणी तुमचं वाक्य मध्येच तोडत नाही, आणि सगळ्यांनी आपापली माहिती मोठ्या अक्षरांत लिहून ठेवली आहे. नाव, गाव, धंदा. पहिल्या धड्याला आणखी काय लागतं?"

तिथून पुढे आमचा वर्ग तिथेच भरू लागला. फाटकाशी थडग्यांवरच्या फुलझाडांना पाणी घालायचे झारे टांगलेले असत, सुपरमार्केटातल्या ट्रॉलीसारखे नाणं घालून सोडवायचे. एक झारा घेऊन बाई पुढे, मागे आम्ही. थांबल्या थांबल्या त्यांची पहिली आज्ञा असे, "ट्रिंकन!" प्या! प्रत्येकाने आपापल्या बाटलीतून पाणी प्यायचं. वर बारीक पाऊस लागलेला, नाकावरून पाणी निथळतंय आणि आम्ही घटाघटा पाणी पितोय. हेसेन प्रांताच्या पावसात माणूस तहानेने मरेल अशी भीती बाळगणारी ती एकटीच बाई असावी.

त्याला कारण होतं. बाईंचं गाव दक्षिण ऑस्ट्रेलियात, जर्मनीतून गेलेल्या शेतकऱ्यांनी वसवलेलं. घरासमोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे दफनभूमी. लहानपणी खेळायचं तिथेच. त्यामुळे दीडशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांबद्दल त्या शेजाऱ्यांसारखं बोलायच्या. "ती? भांडखोर होती. पण लोणी तिच्यासारखं कुणी काढलं नाही." पहिल्या दिवशी मला वाटलं, मावशीबद्दल बोलतायत.

दगड डार्मश्टाटचा आणि गोष्ट ऑस्ट्रेलियाची, अशी शिकवायची पद्धत. एखाद्या प्रोफेसरसाहेबांच्या थडग्यापुढे उभं करायच्या आणि गोष्ट सांगायच्या ती रानात वाट चुकलेल्या मेंढपाळाची. पाणी हाकेच्या अंतरावर होतं, पण त्याला ते ठाऊक नव्हतं आणि तो तहानेने गेला. "फेअरडुर्स्टेट. सगळ्यांनी म्हणा. आणि ट्रिंकन!"

जर्मनमध्ये झालेली गोष्ट सांगायची तर दोन मदतनीस क्रियापदं असतात, झाइन आणि हाबेन. कुठे कुठलं लावायचं यात चांगली चांगली माणसं आयुष्यभर अडखळतात. बाईंनी ते एका सकाळी मिटवलं. सोनं शोधायला आलेल्या चिनी लोकांची गोष्ट सांगितली. सोनं सापडलेल्या ब्रिटिश वसाहतीने त्यांच्यावर डोईकर बसवला, म्हणून ते शेजारच्या वसाहतीत बोटीतून उतरले आणि तिथून खाणींपर्यंत चालत गेले. कित्येक वाटेतच पडले. "गेले, पडले, मेले. सगळ्यांना झाइन." मग डोंगर उतरून शहरात चालत जाणाऱ्या शेतकरीणबायांची गोष्ट. जाताना पाठीवर लोणी आणि अंडी, येताना गावात बांधायच्या चर्चसाठी विटा. "ओझं वाहिलं. हाबेन. जो जातो नाहीतर मरतो त्याला झाइन, ज्याला काम पडतं त्याला हाबेन." ती शेतकरीण व्हायची पाळी स्वयंपाक्यावर आली. भरलेले दोन झारे घेऊन तो थडग्यांमधून चालला आणि आम्ही मागून एका सुरात व्याकरण म्हणत गेलो.

मी भारतातली म्हटल्यावर बाई गंभीर झाल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आमच्या दफनभूमीच्या कोपऱ्यात तुमचा एक माणूस आहे. गाडीवर कापड आणि सुई-दोरा घेऊन तो शेताशेतांवर फिरायचा. माझी पणजी त्याच्याकडूनच दोरा घ्यायची. दगडावर नाव नाही, नुसतं 'अफगाण' लिहिलंय. तो होता पंजाबचा. मला फार वाईट वाटतं."

"पण बाई, पंजाब वर्ध्यापासून फार लांब आहे. मीही त्याला ओळखत नाही."

"तरी पण," त्या म्हणाल्या आणि माझा हात हातात घेऊन रीतसर माफी मागितली. मीही त्या कापडवाल्याच्या वतीने ती स्वीकारली. दुसरं काय करणार?

अशा शिक्षणाचे परिणाम होतातच. थडग्यावर पहिले शब्द असतात 'हिअर रूट', इथे विसावा घेत आहे. आम्ही ते इतक्या वेळा वाचलं होतं, की 'राहणे'साठी माझ्या तोंडात दुसरा शब्दच येत नसे. व्हिसाच्या कचेरीत टेबलामागच्या बाईंनी विचारलं, पती कुठे आहेत? नवरा गाडी लावायला गेला होता. मी स्वच्छ उच्चारात सांगितलं, "माझे पती तीन वर्षांपासून डार्मश्टाटमध्ये विसावले आहेत."

कचेरीतल्या बाईंनी चष्मा काढला. हळूच टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवला आणि मनापासून काहीतरी म्हणाल्या. ते शब्द मला दगडांवरून ओळखीचे वाटले, म्हणून मी हसून आभार मानले. तेवढ्यात नवरा दार ढकलून आत आला आणि म्हणाला, "सॉरी, पार्किंगच मिळेना."

घरी आल्यावर त्याने विचारलं, "तुझ्या मसणातल्या बाई तुला जिवंत माणसांचं जर्मन कधी शिकवणार?"

खरं तर बाईंचं स्वतःचं जर्मनही जिवंत माणसांचं नव्हतं. ते त्या आजीकडून शिकल्या होत्या आणि आजी तिच्या आजीकडून. महायुद्धाच्या काळात तिकडे जर्मन बोलणं म्हणजे शत्रूची भाषा झाली. शाळा बंद पडल्या, गावांची नावं बदलली. "एकाच ओळीत बापाचा दगड जर्मनमध्ये आहे आणि मुलाचा इंग्रजीत," बाई सांगायच्या. "मधे काय झालं ते कुणी लिहिलं नाही." त्यांच्या घरी मात्र दार लावून जर्मन चालू राहिलं. त्यामुळे बाई इथे येऊन रीतसर शिकवण्याची परीक्षा पास झाल्या असल्या, तरी रंगात आल्या की मोटारीला छकडा म्हणायच्या, आणि रागावल्या की इंग्रजीला जर्मन शेपट्या लावायच्या. "कांगारू कुंपणावरून गेजम्प्ट!" बेकरीतली पोरं त्यांच्याकडे पणजी उठून पाव घ्यायला आल्यासारखी बघायची.

त्या हिवाळ्याच्या शेवटी माझ्या सासूबाई वर्ध्याहून आल्या; त्यांना मी आई म्हणते. शिकायला कुठे जाते हे लपवण्यात अर्थ नव्हता. आईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "आपण बुद्धाचे लोक. भूतबित काही मानत नाही." थोडं थांबून म्हणाल्या, "पण घरात येतानी पाय धुऊन येत जाय."

त्याच सुमारास तक्रार झाली. आम्ही दहा-बारा जण एका ओळीत उभे राहून "मेला! मेली! मेले!" असं जोरात म्हणत होतो आणि शेजारच्या थडग्याला पाणी घालणाऱ्या एका आजींना ते आवडलं नाही. त्यांची बाजू बरोबर होती हे मान्य करायलाच हवं. शाळेचे तरुण संचालक स्वतः आले.

"अभ्यासक्रमात कब्रस्तान नाही," ते म्हणाले.

"काय आहे अभ्यासक्रमात?"

"खरेदी, प्रवास, घर, आरोग्य."

"आल्झो, तर मग या सगळ्याच्या शेवटी काय येतं?"

संचालक हसले नाहीत. पुन्हा वर्ग इथे दिसला तर पुढचा वर्ग तुम्हाला मिळणार नाही, असं त्यांनी सांगितलं. बाईंनी खोलीत शिकवायचा शब्द दिला आणि पाळलाही. पण सफरचंदाच्या तक्त्याखाली त्या कोमेजल्या. पाणी प्यायला सांगायच्याही विसरू लागल्या.

मग एका शनिवारी त्या म्हणाल्या, "सहल काढतेय. वर्ग नाही, सहल. कोण येतं?" स्वयंपाकी तयार झाला, मी तयार झाले, आणि आईंना एकटं कुठे ठेवायचं म्हणून त्यांनाही घेतलं. आईंनी शाल गुंडाळली आणि गावाहून आणलेल्या गोरसपाकाचा, वर्ध्याच्या खुसखुशीत बिस्किटांचा, डबा पिशवीत टाकला.

फ्रांकफुर्टच्या उत्तरेला आगगाडी, पुढे बस. बाईंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मांडीवर एरिकाची, जांभळ्या बारीक फुलांची कुंडी आणि हातात दगड घासायचा ब्रश. एरवी अखंड बोलणाऱ्या बाई खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "माझ्या खापरपणजीचं हे गाव. तिची धाकटी बहीण इथेच राहिली. तिला एक गोष्ट विचारायची आहे. तीन वर्षं जर्मनीत आहे, पण यायचा धीर होत नव्हता."

"कबरीला विचारायचं?" मी म्हटलं.

"दुसरीकडे कुठे विचारू?"

चर्चमागे पोचलो तर गुळगुळीत हिरवळ. एका कडेला चकचकीत ग्रॅनाइटचे थोडे नवे दगड. जुनं काही म्हणजे काहीच नाही. एक लालबुंद, जाडजूड गडी पानं उडवायचं यंत्र घेऊन घूं-घूं करत फिरत होता. बाईंनी त्याला हाताने थांबवलं. "जुन्या कबरी कुठे आहेत? दीडशे वर्षांपूर्वीच्या?"

तो हसला. "इथे वीस-तीस वर्षांनी कबरीची मुदत संपते. घरच्यांनी वाढवून घेतली नाही, की दगड काढायचा आणि जागा दुसऱ्याला द्यायची."

डार्मश्टाटचं कब्रस्तान बड्या घराण्यांचं, ते जपलेलं. खेड्यातल्या शेतकरणीला कोण जपणार, हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"आणि दगडांचं काय होतं?" बाईंनी विचारलं.

"फोडतात. या वाटेखाली असतील थोडे."

बाईंनी पाय उचलला. मग कुठे ठेवावा ते कळेना, म्हणून बाकावर जाऊन बसल्या. गडी पुन्हा यंत्र घेऊन लांब गेला.

जे ऑस्ट्रेलियात गेले त्यांच्यातल्या प्रत्येकाची कबर बाईंना पाठ होती, आणि जी इथेच राहिली तिची खूणसुद्धा नव्हती. आईंनी डबा उघडला आणि गोरसपाक बाईंच्या हातावर ठेवला. "काय झालं तिले? विचार ना."

मी विचारलं. बाईंनी सांगायला सुरुवात केली आणि मी आईंसाठी तोडकंमोडकं मराठीत आणत गेले.

दोघी बहिणी निघणार होत्या. बोटीत दोघींची जागा ठरलेली. सकाळी दारात गाडी उभी राहिली आणि गोठ्यात गाय अडली. वासरू निघेना. धाकटी म्हणाली, तू हो पुढे, मी पुढच्या बोटीने येते. थोरली एकटी गेली. समुद्रावर महिनोन् महिने. पुढची बोट आली, तीत धाकटी नव्हती. त्याच्या पुढचीतही नव्हती. मग कळलं, ती येणारच नाही. थोरलीने तिचं नाव घरात काढू दिलं नाही, आणि पहिली मुलगी झाल्यावर तिला मात्र तेच नाव ठेवलं.

"तेच नाव फिरत फिरत माझ्यापर्यंत आलं," बाई म्हणाल्या. "आमच्या घरात कुणी शब्द मोडला, की त्याला अजून गायवाली म्हणतात. मी शेती सोडली तेव्हा मला म्हणाले. नवऱ्याला सोडलं तेव्हा म्हणाले. मला तिला एवढंच विचारायचं होतं, की गाय खरंच अडली होती का? की यायचं नव्हतं म्हणून निमित्त केलंस?"

मी भाषांतर संपवलं. आईंनी बोटांवरचा चुरा झटकला.

"वासराचं काय झालं मंग?"

मी ते जर्मनमध्ये सांगितलं. बाई बघतच राहिल्या. "वासराचं?"

"हो. जगलं का, विचारतायत."

"कुणी... कुणी कधी विचारलंच नाही."

"असे कसे लोक तुमचे?" आई म्हणाल्या. "गाय अडली की पहिला प्रश्न तोच असते."

मागचं घूं-घूं थांबलं होतं. तो गडी कधीचा झाडाला टेकून ऐकत होता. "बरोबर आहे त्यांचं," तो म्हणाला. त्याच्याकडे स्वतःच्या गायी होत्या. "मागचे पाय आधी आले असतील. तसं असलं की फार अवघड."

आता गायीच्या बाळंतपणाचं जर्मन मला कोण शिकवणार? पण त्या दोघांना माझी गरजच राहिली नाही. आईंनी शालीचं टोक घट्ट पिळून दोरी केली. गड्याने यंत्राची नळी काढून आडवी धरली, ते वासराचे पाय. गाय हवी होती, तर स्वयंपाकी न सांगता हिरवळीवर ओणवा झाला. आई एका बाजूने, गडी दुसऱ्या बाजूने. "असं नाही, असं! कळ आली की ओढायचं, नाही तर थांबायचं," आई वऱ्हाडीत ओरडल्या आणि गडी म्हणाला, "हो, हो, गेनाऊ!" स्वयंपाकी हंबरला. बाई हसायला लागल्या. टोपी पडली तरी हसत होत्या, आणि मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते हसण्याचं राहिलं नाही.

आई त्यांच्याशेजारी येऊन बसल्या. धाप लागली होती.

"हिले सांग," त्या मला म्हणाल्या. "निमित्त करणारी बाई सोपं निमित्त करते. ताप आला म्हणते, पोट दुखते म्हणते. गाय अडली म्हणून कोणी निमित्त करत नाही. त्यात हात घालावा लागते."

मी एकेक शब्द जपून सांगितला.

"अन् अशी गाय टाकून जाते का कोणी? मंग वासरू उभं राहते, मंग त्याले दूध पाजावं लागते, मंग पेरणी येते. मी बी नसती गेली."

हे सांगून झाल्यावर बाईंनी पडलेली टोपी उचलून बाकावर ठेवली. त्यांच्या घरात इतक्या पिढ्यांत त्या धाकटीची बाजू कुणी घेतली नव्हती, आणि घेतली ती वर्ध्याच्या एका बाईने, तोंडात गोरसपाक असताना. त्यांनी आईंचे दोन्ही हात धरले आणि त्या जुन्या, दार लावून बोललेल्या जर्मनमध्ये काहीतरी म्हणाल्या. मला कळलं नाही. गड्याला कळलं. तो म्हणाला, "हा शब्द माझी आजी वापरायची," आणि आम्हा सगळ्यांना कॉफीला घरी घेऊन गेला.

कुंडी कुठे ठेवायची हा प्रश्न उरला होता. बाईंनी ती त्याच्या गोठ्याच्या खिडकीत ठेवली. आम्ही कॉफी संपवून येईपर्यंत गायीने एरिका मुळापर्यंत खाल्ली होती. बाई म्हणाल्या, "उत्तम."

सोमवारी त्यांनी आम्हाला सरळ कब्रस्तानात नेलं. संचालक धावत आले. "तुम्ही शब्द दिला होता!"

"दिला होता," बाई म्हणाल्या. त्यांची मान इतकी ताठ मी कधी पाहिली नव्हती. "पण मी गायवाली आहे."

संचालकांना काही कळलं नाही, आणि पुढचा वर्ग बाईंना मिळाला नाही. आमची परीक्षा मात्र होऊन गेली. तोंडी परीक्षेत मला 'पाळीव प्राणी' हा विषय आला. मी बोलायला लागले ती थांबलेच नाही. बोटीपासून वासरापर्यंत सगळं, झाइन-हाबेनसकट. वेळ संपल्याची खूण करायला परीक्षक विसरले. मी पास झाले. स्वयंपाकीही झाला. आता माझ्याकडे डार्मश्टाटचे पुष्कळ गुडघे येतात, आणि त्यांना मी विसावा घ्यायला सांगते तेव्हा शब्द जपून वापरते.

बाई उन्हाळ्याआधीच ऑस्ट्रेलियाला परतल्या. बरेच महिने काही कळलं नाही. मग फोनवर एक फोटो आला. तांबडी माती, निलगिरीची विरळ सावली, एक जुना कललेला दगड आणि त्याला जवळजवळ टेकून एक नवा, छोटा. त्यावर बाईंचंच नाव पाहून क्षणभर वाटलं, बाईच गेल्या. मग खालची ओळ वाचली, 'ती गायीपाशी राहिली'. बाईंनी लिहिलं होतं की पाद्रीबाबांना हे वाक्य पसंत नव्हतं, बराच वाद झाला, आणि आमच्याकडे दगड कुणी उपटत नाही.

मी व्हिडिओ कॉलवर वर्ध्याला आईंना तो फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावला, फोन जवळ घेतला, लांब धरला.

"हा मोठीचा?"

"हो."

"अन् बाजूले लहानी?"

"हो आई."

आईंनी चष्मा काढला.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "आली मंग बहिणीपाशी."